पहिली वेलांटी कोणी सरकवली?

नालवाडीत बसून संगणकाच्या पडद्यावरील बोटभर रुंदीच्या एका पट्टीविषयी तक्रार मांडावी, आणि तीही कथा-कवितांची चिकित्सा चालते अशा जागी, हे आमच्या काही वाचकांना औचित्यभंग वाटेल. परंतु विषय लिपीचा आहे. आणि लिपीचा प्रश्न आला असता साहित्याच्या विद्यार्थ्याने 'हे तंत्रज्ञांचे काम' असे म्हणून अंग काढून घ्यावे, हे आम्हांस मान्य नाही. म्हणून आधी प्रकार काय तो सांगतो, मग भांडण.

आमच्याकडे एक जुना लॅपटॉप आहे. नव्या प्रणालींचे ओझे त्याला पेलत नाही, म्हणून त्यावर लिनक्स घातले आणि 'टायलिंग विंडो मॅनेजर' या जातीचा एक हलका प्रोग्राम बसवला. हा प्रोग्राम खिडक्या एकमेकींवर रचत नाही. जमिनीवर फरशी बसवावी तशा शेजारी शेजारी बसवतो. माउसला हात न लावता बहुतेक कामे कळफलकावरून होतात. शोभेचे असे काही नसते. पडद्याच्या एका कडेला तेवढी एक पट्टी असते, तिला स्टेटस बार म्हणतात. तिच्यावरील लहान लहान कप्प्यांत, म्हणजे विजेटांत, वार, तारीख, वेळ, बॅटरी किती उरली, आवाज किती, असा मजकूर दर काही सेकंदांनी बदलत राहतो. कोणत्या कप्प्यात काय यावे, कोणत्या भाषेत यावे, हे बहुतांशी वापरणाऱ्याने स्वतः लिहून ठरवायचे असते. म्हणजे ही पट्टी आपण लिहितो आणि दिवसभरात शंभरदा वाचतो. इतक्या वेळा वाचला जाणारा दुसरा मजकूर आमच्या आयुष्यात नाही. तो मराठीत असावा असे आम्हांस वाटले, यात अपराध तो कोणता?

मराठी पट्टी लिहिली. पहिल्याच शनिवारी 'शनिवार' मोडला. 'न'च्या आधी यावयाची पहिली वेलांटी 'न'च्या नंतर आली आणि आपली कमान 'व'च्या डोक्यावर धरून उभी राहिली. रविवारचे तेच झाले. शुक्रवारी 'क'चा पाय मोडून 'र' शेजारी सुटा पडला. गुरुवारी 'रु'चा उकार रकाराच्या पोटात न जाता पायाखाली लोंबत राहिला. सातांपैकी सोम, मंगळ आणि बुध एवढेच तीन वार धड. बारा महिन्यांची मोजदाद केली तर जानेवारी, मे, जून आणि जुलै हे चारच शाबूत. मार्चचा रफार खाली उतरला, डिसेंबरची वेलांटी सरकली, उरलेल्यांची जोडाक्षरे फुटली. 'नालवाडी' हे नाव सुखरूप उमटते, 'पवनार'ही उमटते. 'वर्धा' मात्र मोडते. गाव आहे आणि जिल्हा नाही, अशी ही अवस्था!

याहून गंभीर गोष्ट पुढे आमच्या ध्यानी आली. पट्टी दुरुस्त होईना तेव्हा आम्ही नकळत न मोडणारे शब्द शोधू लागलो. 'तिथी' मोडते, 'तारीख' टिकते, मग तारीख. 'दिवस' मोडतो, 'वार' टिकतो, मग वार. 'स्मृती' फुटते, 'मेमरी' टिकते, मग मेमरी. गंमत म्हणून आपल्या वाङ्मयप्रकारांवर हा नियम लावून पाहिला. कथा, कादंबरी आणि नाटक तगतात. कविता, निबंध आणि चरित्र मोडतात. टीका करता येते, समीक्षा करता येत नाही. हसून झाल्यावर जाणवले ते असे की शब्दांची निवड आता अर्थावरून, रूढीवरून किंवा रुचीवरून होत नव्हती. अक्षर कोणत्या यंत्राला झेपते, यावरून होत होती. बंदी कोणी घातलेली नव्हती आणि आम्ही ती निमूटपणे पाळीत होतो.

असे का व्हावे? संगणकात देवनागरी मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो. 'नि' म्हणजे आधी 'न', मग ऱ्हस्व इकार. 'क्र' म्हणजे 'क', हलन्त, 'र'. ही व्यवस्था १९९१ च्या 'इस्की' या भारतीय मानकात होती आणि युनिकोडनेही तीच स्वीकारली. ती योग्यच आहे, कारण शोध घेणे, अकारविल्हे लावणे हे सारे उच्चारक्रमावर चालते. परंतु साठवलेला क्रम आणि दिसणारा क्रम एक नसल्यामुळे मध्ये एका जाणकाराची गरज लागते. छापखान्यात हे काम जुळारी करीत असे: वेलांटीचा खिळा आधी लावावा, जोडाक्षराचा खिळा वेगळ्या घरातून उचलावा, हे त्याच्या बोटांना ठाऊक असे. संगणकात जुळाऱ्याचे हे काम करणारे प्रोग्राम गेली कित्येक वर्षे उपलब्ध आहेत, फुकट आहेत आणि खुले आहेत. त्यांपैकी एकाचे नाव 'पँगो'. ग्रीक 'पॅन' म्हणजे सर्व आणि जपानी 'गो' म्हणजे भाषा, यांचा हा जोड. दुसऱ्याचे 'हार्फबझ', यातील 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज' म्हणजे खुले, दोन्ही फारसी. नावांतच लिपींचा आदर आहे. काही पट्ट्या या जुळाऱ्यांना बोलावतात, काही बोलावीत नाहीत. प्रश्न एवढाच आहे.

दोन ठळक उदाहरणे घेऊ. 'आयथ्री' हा विंडो मॅनेजर २००९ मध्ये मायकेल श्टापेलबर्ग यांनी सुरू केला. त्याच्या मांडणीच्या फायलीत टंकाच्या नावाआधी 'पँगो' हा शब्द लिहिला की पट्टीवरील अक्षरे पँगोकडून मांडून घेतली जातात आणि शनिवार शनिवारसारखा दिसतो. त्याच्या पट्टीला प्रत्येक विजेटाचे एक पूर्ण आणि एक आखूड असे दोन पाठ देता येतात. जागा अपुरी पडली की आखूड पाठ दिसतो. 'शनिवार'चे 'शनि' करायचे की 'श.' करायचे, हा निर्णय माणसाकडेच राहतो. उलट 'डीडब्ल्यूएम' हा २००६ पासूनचा, 'सकलेस' या मंडळींचा प्रोग्राम. तो 'एक्सएफटी' या जुन्या साधनाने एकामागून एक चिन्हे काढतो; कोणते चिन्ह कोणाच्या आधी जावे, कोणाशी जुळावे, याचा विचार त्यात नाही. शिवाय पट्टीच्या मजकुरासाठी त्याने राखलेली जागा २५६ बाइटांची आहे. रोमन अक्षर एका बाइटात बसते, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे इंग्रजी लिहिणाऱ्याला अडीचशेवर अक्षरे आणि मराठी लिहिणाऱ्याला चिन्हे मोजून पंचाऐंशी. त्यांत वेलांट्या, काने, मात्रा, हलन्त सारे आले. एकाच दुकानात एकाला सेराचे माप आणि दुसऱ्याला पावशेराचे, असा हा व्यवहार आहे.

हे अज्ञानातून घडले असते तर आम्ही लेख लिहिला नसता. दोन ओळींचे पत्र पुरले असते. पण यामागे एक तत्त्वज्ञान आहे. प्रोग्राम लहान असावा, एका माणसाला एका बैठकीत वाचता यावा, नको ते काही त्यात नसावे; डीडब्ल्यूएमची संहिता दोन हजार ओळींपलीकडे जाऊ नये, असे व्रतच या मंडळींनी घेतले आहे. मांडणीसाठी वेगळी फाइल नाही. बदल हवा तर मूळ संहिता उघडून बदलावी, आणि यामुळे वापरणाऱ्यांचा वर्ग लहान व निवडक राहतो, असेही त्यांनी उघडपणे म्हटलेले आहे. या विचाराचे आकर्षण आम्हांलाही आहे, हे लपवीत नाही. जे वापरतो ते समजून घ्यावे, बिघडले तर आपल्या हाताने दुरुस्त करावे, जुने यंत्र फेकू नये, हे वर्ध्याच्या परिसरात वाढलेल्या कोणाला आवडणार नाही? चरख्याची चाती वाकडी झाली तर ती सरळ करता आलीच पाहिजे, अशा संस्कारात वाढलेली ही भूमी आहे. म्हणूनच आम्ही या प्रोग्रामांकडे वळलो आणि म्हणूनच आमची निराशा मोठी आहे.

साधेपणाच्या गोष्टी नालवाडीला कोणी नव्याने सांगाव्यात, असे नाही. १९३२ च्या अखेरीस विनोबा येथे राहावयास आले आणि १९३८ मध्ये, प्रकृती ढासळल्यावर, पवनारला गेले. दरम्यानच्या काळात त्यांनी सूतकताईच्या मजुरीवर माणूस जगू शकतो का, याचा प्रयोग स्वतःच्या देहावर केला. दिवसाचे कित्येक तास कातायचे आणि कातणाऱ्या बाईला जी मजुरी मिळते तिच्यातच आपला आहार बसवायचा. खादी स्वस्त आहे, साधी आहे, असे म्हणणाऱ्यांना या प्रयोगाने एक प्रश्न विचारला: ही स्वस्ताई कोणाच्या पोटातून काढलेली आहे? १९३५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने कातणाऱ्यांची मजुरी वाढवण्याचे धोरण स्वीकारले. खादी त्यामुळे महागणार हे जाणून स्वीकारले. हिशेब स्वच्छ होता. साधेपणाची किंमत जो सर्वांत खाली आहे त्याच्याकडून वसूल होत असेल, तर तो साधेपणा खोटा.

'गीताई'कडे याच दृष्टीने पाहा. आईला गीता मराठीत हवी होती म्हणून रचलेले आणि १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक सोपे आहे याबद्दल दुमत नाही. पण ते सोपे व्हावे म्हणून श्रम कोणी केले? वाचणाऱ्या आईने नव्हे, लिहिणाऱ्या मुलाने केले. सोपेपणाचे ओझे कर्त्याने उचलायचे असते. दोन हजार ओळींच्या व्रतात ते उलटे झाले आहे. कर्त्याची संहिता सुटसुटीत राहिली आणि तिच्यातून वगळलेले काम वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर पडले. तेही सर्वांच्या नव्हे, देवनागरी, बंगाली, तमिळ, अरबी वाचणाऱ्यांच्या. रोमन लिपीत एक चिन्ह आणि एक खूण यांची जोडी बहुधा सरळ लागते, म्हणून तिला जुळारी लागत नाही. ज्याला गरज नाही त्याने 'जुळारी ही चैन आहे' असे म्हणावे, याला आम्ही अपरिग्रह म्हणणार नाही.

यावर एक उत्तर ठरलेले असते: 'ठिगळ आहे की, लावून घ्या.' खरे आहे. डीडब्ल्यूएमला पँगो जोडणारी ठिगळे लोकांनी तयार केली आहेत आणि संहितेची ओळख असलेल्याला ती लावता येतात. पण मूळ प्रोग्राम बदलला की ठिगळ उसवते आणि पुन्हा शिवावे लागते. इंग्रजी वार वाचणाऱ्याला कधीच काही शिवावे लागत नाही. एकाला अख्खे वस्त्र द्यावे, दुसऱ्याच्या हाती सुई द्यावी आणि त्यालाच स्वावलंबनाचा उपदेश करावा, हे आमच्या गावच्या स्वावलंबनात बसत नाही.

आता आमच्या बाजूचाही एक कच्चा दुवा आधीच उघड करतो, कारण तो कोणीतरी काढणारच. यंत्रासाठी लिपी वाकवण्याचा उद्योग वर्ध्यानेच केला नव्हता काय? केला होता. १९३५ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इंदूरला हिंदी साहित्य संमेलन झाले, त्यातून लिपिसुधारणेची समिती निघाली आणि तिचे काम काका कालेलकरांकडे आले. १९३६ मध्ये वर्ध्यास स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या पुस्तकांत 'अ'ची बाराखडी आली. इ, उ, ए यांच्या जागी अि, अु, अे. सावरकर रत्नागिरीहून हाच आग्रह धरीत होते. विनोबांनीही पुढे 'लोकनागरी' नावाने सुधारलेली नागरी पुरस्कारली. टंकलेखन आणि छपाई सोपी व्हावी, शिकणाऱ्याचा भार कमी व्हावा, हा सर्वांचा हेतू. आणि १९५३ मध्ये लखनौच्या परिषदेने तर ऱ्हस्व इकाराची खूण व्यंजनाच्या उजवीकडे, दुसऱ्या वेलांटीची पाई आखडून, लिहावी असे ठरवले. म्हणजे आमच्या पट्टीवर पहिली वेलांटी जी बाजू धरून उभी आहे तीच!

मग आम्ही कशाबद्दल ओरडतो आहोत? याबद्दल, की लखनौचा निर्णय उघड झाला होता. त्याला ठराव होता, कारणे होती, सही करणारी माणसे होती; म्हणून त्याला विरोधही करता आला. शिक्षकांनी, लेखकांनी, वाचकांनी तो पचवला नाही आणि १९५७ मध्ये वेलांटी पुन्हा डावीकडे आणावी लागली. 'अ'ची बाराखडीही वर्ध्याच्या जुन्या पुस्तकांपुरती उरली. सुधारक बरोबर होते की चूक, यावर आजही वाद घालता येईल, आणि वाद घालता येतो हेच त्या सुधारणेचे मोठेपण. पट्टीवरील वेलांटी मात्र कोणी सरकवलीच नाही. कोणाचा ठराव नाही, कोणाचा युक्तिवाद नाही. कोणाला तिची दखल घ्यावीशी वाटली नाही म्हणून ती सरकली. लिपीत बदल झाला आणि त्याचा कर्ता सापडत नाही, अशा वेळी विरोध कोणाला करायचा? महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले तेव्हा ती लिपी दुर्बोध होती, पण तो त्यांचा निर्णय होता. आमची दुर्बोधता आम्हांला न विचारता मिळालेली आहे.

इथवर दोष दुसऱ्यांचा सांगितला. आता आपल्या घरात येऊ. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा विभागाविभागांतून भाषणे झाली. त्या भाषणांना आमचा विरोध नाही. पण ती ज्या संगणकांवर टंकली गेली, त्यांच्यावर वार आणि तारीख कोणत्या भाषेत होती, असा बारीक प्रश्न आम्ही विचारू इच्छितो. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने देवनागरीची मराठी वर्णमाला ठरवून दिली. त्यातील 'ल' आणि 'श' यांच्या वळणांवर आपण चहाच्या टेबलावर तासन्‌तास बोलतो. वळण चुकलेले आपल्याला खटकते आणि मोडलेली वेलांटी पाहून मात्र आपण मुकाट्याने इंग्रजी निवडतो, 'स्वच्छ दिसते' म्हणून. स्वच्छ दिसते, कारण त्या भाषेसाठी कोणीतरी आधीच झाडून ठेवले आहे.

'एवढीशी पट्टी, तिच्यासाठी एवढा कांगावा?' असेही म्हटले जाईल. भाषा ग्रंथांत जगते, पट्टीवर नव्हे, असे आम्हांला याआधीही ऐकवले गेले आहे. आमचा अनुभव निराळा आहे. भाषा वापराच्या जागांतून जाते ती अशीच, बोटभर बोटभर जाते. दुकानाची पाटी, औषधाची चिठ्ठी, घराचे वीजबिल, मग पडद्यावरचा वार. ग्रंथ शेवटी जातात, आणि त्या वेळी त्यांची पाठराखण करायला वाचक उरलेला नसतो.

तेव्हा करावे काय? आम्ही तीन गोष्टी सुचवतो. तिन्ही या आठवड्यात करता येण्याजोग्या आहेत. एक, हलका प्रोग्राम निवडताना ओळींची संख्या विचारण्याआधी त्याच्या पट्टीवर 'शुक्रवार, १२ एप्रिल, वर्धा' एवढे लिहून पाहावे. जोडाक्षर, वेलांटी, रफार यांची परीक्षा या तीन शब्दांत होते. यात उतरणारे प्रोग्राम आहेत आणि ते पुरेसे हलकेही आहेत. साधेपणा सोडण्याची गरज नाही. दोन, जेथे अक्षर मोडते तेथे शब्द बदलू नये. मोडलेले अक्षर तसेच ठेवून त्याचे चित्र कर्त्यांना पाठवावे आणि नेमके काय हवे ते नम्रपणे, पण खालमानेने नव्हे, लिहावे. तीन, एम. ए.च्या वर्गात लिपीचा इतिहास मोडीपाशी आणि निर्णयसागरच्या खिळ्यांपाशी थांबतो. तो पुढे न्यावा. 'नि' हे अक्षर संगणकात कोणत्या क्रमाने साठते आणि कोणत्या क्रमाने दिसते, हे फळ्यावर दहा मिनिटांत शिकवता येते. ज्या विद्यार्थ्याला रफार म्हणजे काय ते माहीत आहे त्याला यातले काहीही अवघड नाही. उलट, ज्याला संहिता लिहिता येते पण रफार माहीत नाही, त्याला आपल्या विद्यार्थ्याची गरज आहे.

आमच्या लॅपटॉपवर आम्ही दुसरा विंडो मॅनेजर बसवला. तोही हलका आहे, तोही फरशा बसवतो. जुने यंत्र कुरकुरत नाही. पट्टीवर आता 'तिथी' असा एक कप्पा आहे, तारखेच्या शेजारी. मधल्या काळात जो शब्द आम्ही भिऊन सोडला होता तो मुद्दाम लिहिला आहे. वेलांटी तिच्या जागेवर, 'त'च्या डावीकडे आहे. १९५७ मध्ये ती तेथे परत आणणाऱ्या मास्तरांची नावे आम्हांला ठाऊक नाहीत. त्यांचे काम पुढे चालवणे आमच्या हाती आहे.